मायनस नंबर लांबणीवर टाकायचा आहे? मूल कोणत्या उजेडात खेळतं ते आधी मोजा

"आमचा मुलगा रोज दीड तास खाली खेळतो, मोबाइलही फारसा देत नाही, तरी नंबर लागलाच." ठाण्यात आणि नवी मुंबईत पालकांच्या तोंडी हे वाक्य सारखं ऐकू येतं. त्यावर विचारण्यासारखा प्रश्न एकच आहे: खाली खेळतो म्हणजे किती वाजता? बहुतेकांचं उत्तर असतं, "क्लासवरून आला की, साडेसहा-सातला." नोव्हेंबरअखेरीस आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे ते मूल खेळतं भरपूर, पण दिव्यांखाली. शरीराला त्या खेळाचा फायदा होतोच. डोळ्यांच्या वाढीला आवर घालणारा दिवसाचा उजेड मात्र त्यात जवळजवळ नसतो.

उजेडाचा उपाय ऐकायला सोपा आहे आणि म्हणूनच तो अर्धवट केला जातो. खाली दिलेला क्रम शक्यतो मोडू नका. आधी तपासणी, मग आठवड्याची नोंद, मग उजेडाची मोजणी आणि त्यानंतर वेळापत्रक. थेट वेळापत्रकापासून सुरुवात करणाऱ्यांच्या घरी ते पंधरवड्यात गळून पडतं, कारण मुलाला आत्ता किती उजेड मिळतोय हेच त्यांना ठाऊक नसतं.

## सुरू करण्याआधी एवढं पक्कं असू द्या

मायनस नंबर म्हणजे मायोपिया. यात जवळचं नीट दिसतं आणि लांबचं धूसर. बहुतेक मुलांमध्ये याचं कारण डोळ्याची लांबी असते. नेत्रगोल पुढून मागे गरजेपेक्षा जास्त वाढतो आणि प्रतिमा दृष्टिपटलावर (डोळ्याच्या मागच्या पडद्यावर) पडण्याऐवजी त्याच्या अलीकडे पडते. लांबी एक मिलिमीटर जास्त झाली, तर साधारण अडीच ते तीन नंबर लागतो. वाढलेली लांबी मागे फिरत नाही. म्हणून सगळा भर वाढ सावकाश होण्यावर द्यायचा.

भरपूर उजेडात दृष्टिपटलातून डोपामीन नावाचं रसायन जास्त सुटतं आणि ते डोळ्याच्या लांबीच्या वाढीला आवर घालतं, हे सध्याचं सर्वांत पटण्याजोगं स्पष्टीकरण आहे. कोंबडीच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत प्रखर उजेडाने मायोपिया मंदावला. डोपामीनचं काम रोखणारं औषध दिलं, तेव्हा हा फायदा नाहीसा झाला.

मुलांवरचा पुरावाही चांगला आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा जादा मैदानी तास देण्यात आला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार, तीन वर्षांत या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना मायोपिया झाला. जादा तास न मिळालेल्या मुलांमध्ये हे प्रमाण ३९.५ टक्के होतं. आपल्याकडे दिल्लीतल्या शाळकरी मुलांची एक मोठी पाहणी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे १३ टक्के मुलांना मायनस नंबर आढळला आणि रोज दोन तासांहून जास्त बाहेर खेळणाऱ्यांमध्ये तो कमी होता.

ग्वांगझूचे आकडे नीट वाचा. उजेड मिळूनही शंभरातल्या तीस मुलांना नंबर लागला. उजेडाने शक्यता कमी होते, खात्री मिळत नाही. आई किंवा वडिलांना मायनस नंबर असेल तर मुलाचा धोका वाढतो, दोघांनाही असेल तर आणखी. आणि हा उपाय सर्वांत चांगला लागू पडतो तो नंबर लागण्याआधी. एकदा नंबर लागला की वाढ रोखण्याची त्याची ताकद बरीच कमी पडते. म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या पालकांनी हे आत्ताच मनावर घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

## टप्पा १ : थेंब घालून तपासणी

मुलाला दिसतंय की नाही हे घरी बसून ठरवू नका. लांबचं धूसर दिसणाऱ्या मुलाला जगच तसं असतं असं वाटतं, ते तक्रार करत नाही. शाळेतल्या तपासणीत तक्ता वाचून घेतात. तो उपयोगी आहे, पण ज्या मुलाचा नंबर अजून लागायचा आहे ते मूल त्यातून ओळखता येत नाही.

नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि डोळ्यांत थेंब घालून नंबर काढायला सांगा. मुलांचे डोळे जवळ पाहण्यासाठी इतका जोर लावतात की थेंबांशिवाय मशीनवर नंबर काढला तर खोटा मायनस दिसू शकतो, किंवा असलेला मायनस जास्त दिसू शकतो. थेंबांनी तो जोर सैल पडतो आणि खरा आकडा मिळतो.

कागदावर प्लसचा छोटा आकडा दिसला तर घाबरू नका. लहान मुलांमध्ये थोडा प्लस असणं स्वाभाविक आहे, वाढीत तो हळूहळू कमी होतो. उलट सहा वर्षांच्या मुलाचा थेंबांनंतरचा आकडा +०.७५ पेक्षा कमी असेल, तर पुढे मायनस लागण्याचा धोका जास्त धरतात. असं मूल आज चष्म्याविना ६/६ वाचतं आणि घरचे निश्चिंत असतात. उजेडाची सर्वांत जास्त गरज याच मुलाला असते.

डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी: थेंबांनंतरचा दोन्ही डोळ्यांचा आकडा लिहून मागा. सोय असेल तर डोळ्याची लांबी मोजून घ्या आणि मिलिमीटरमधला आकडा जपून ठेवा. पुढची तपासणी कधी, तेही विचारा.

सावधान: थेंबांनंतर बाहुली मोठी होते, जवळचं धूसर दिसतं आणि ऊन टोचतं. थेंबाच्या प्रकारानुसार हे काही तास ते काही दिवस टिकतं. परीक्षेच्या आठवड्यात तपासणी ठेवू नका. डोळे पूर्ववत होईपर्यंत उन्हातल्या खेळाचा आग्रहही नको.

## टप्पा २ : सात दिवसांची नोंद

यासाठी साधी वही पुरते. सात दिवस, सुट्टीचे दोन धरून, मूल बाहेर कधी गेलं आणि कधी परतलं ते लिहा. शेजारी जागा लिहा: मैदान, पोडियम (सोसायटीची वरच्या मजल्यावरची मोकळी गच्ची), स्टिल्ट पार्किंग (इमारतीखालची खांबांमधली जागा), क्लब हाउस, रिक्षा, स्कूल बस. आठवणीने लिहू नका, त्याच दिवशी लिहा. आठवड्याअखेरीस आठवून लिहिलेला आकडा जवळजवळ नेहमीच फुगलेला असतो.

सात दिवस झाले की लाल पेनाने पुढील वेळ खोडा:

- सूर्यास्तानंतरचा सगळा वेळ, मैदान कितीही लख्ख असो.
- क्लब हाउस, बॅडमिंटन हॉल, छताखालचं स्केटिंग, कराटे. सिडनीतल्या शाळकरी मुलांच्या अभ्यासात छताखालच्या खेळाचा मायोपियाशी संबंध दिसला नव्हता, मोकळ्यावर घालवलेल्या वेळाचा दिसला होता.
- स्टिल्ट पार्किंगमधलं क्रिकेट. आपल्या टॉवरांमध्ये पावसाळ्यात सगळा खेळ तिथेच चालतो.
- बस, रिक्षा, गाडी आणि मॉल.

जे उरलं ते तुमच्या मुलाचं खरं खातं. शाळेतली मधली सुट्टी मैदानावर होते की वर्गातच डबा खाऊन संपते, हे मुलाला विचारा आणि मैदानावर होत असेल तरच धरा.

तपासून पाहा: बेरीज आठवड्याला सात तासांच्या आत आली का? तसं असेल तर एकदम चौदावर उडी मारू नका. रोज ४० मिनिटांची भर घालून सुरुवात करा. ग्वांगझूच्या शाळांमधली भर एवढीच होती. ती अंगवळणी पडली की पुढे सरका.

## टप्पा ३ : उजेड मोजा

उजेड लक्समध्ये मोजतात. आपले डोळे उजेडाशी इतक्या सफाईने जुळवून घेतात की ३०० लक्सची खोली आणि १५,००० लक्सचं अंगण यांतला पन्नास पटींचा फरक मनाला जाणवतच नाही. "आमच्या घरात भरपूर उजेड आहे" ही समजूत इथूनच येते.

साधारण आकडे असे: ट्यूबलाइट लावलेली बैठकीची खोली १०० ते ३०० लक्स. चांगला वर्ग ३०० ते ५००. दिवसा खिडकीला टेकून बसलं तर हजारच्या आसपास, आणि दोन पावलं आत आलं की तो झपाट्याने उतरतो. ढगाळ दिवशी मोकळ्यावर ५,००० ते २०,०००. मोकळ्या मैदानाच्या कडेच्या झाडाखाली बहुधा दहा हजारांच्या घरात. भर उन्हात एक लाखापर्यंत. सूर्य मावळण्याच्या क्षणी मोकळ्या मैदानावरही जेमतेम काहीशे लक्स उरतात.

तैवानमधल्या पहिलीच्या मुलांवरच्या २०१८ सालच्या अभ्यासात १,००० लक्स किंवा त्याहून जास्त उजेडात, शाळेच्या वेळात आठवड्याला निदान २०० मिनिटं मिळालेल्या मुलांचा नंबर कमी सरकला. म्हणजे कडक उन्हात उभं करण्याची गरज नाही. झाडाची सावली, इमारतीची सावली, ढगाळ आभाळ, सगळं चालतं. वर आभाळ उघडं हवं आणि वेळ दिवसाची हवी, एवढ्याच अटी आहेत.

मोबाइलवर लक्स मोजणारी मोफत अ‍ॅप्स मिळतात. अँड्रॉइडमध्ये ती स्क्रीनच्या वरच्या कडेला असलेल्या सेन्सरवर चालतात, आयफोनवर बहुतेक कॅमेऱ्यावरून अंदाज करतात. आकडा काटेकोर नसतो, पण आपल्याला ३०० आणि ८,००० एवढाच फरक कळायला हवा. मोजताना फोन मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर, उभा, मूल जिकडे पाहतं तिकडे स्क्रीन करून धरा. फोन आडवा करून स्क्रीन आभाळाकडे धरली तर आकडा खूप मोठा येतो. डोळ्यात तेवढा उजेड शिरत नाही.

इथे चुकतं: बाल्कनी. उघडी, समोर मोठी इमारत नसलेली, कठड्याशी मोजल्यावर काही हजार लक्स देणारी बाल्कनी खरंच कामाची आहे. पण आपल्याकडच्या बहुतेक बाल्कन्या काचा सरकवून बंद केलेल्या, ग्रिल आणि वाळत घातलेल्या कपड्यांनी झाकलेल्या असतात आणि समोर पंधरा फुटांवर दुसरा टॉवर असतो. मोजल्याशिवाय बाल्कनीतला वेळ खात्यात धरू नका.

## टप्पा ४ : जागा ठरवा

रोजची जागा पायी पाच-सात मिनिटांत पोचता येईल अशीच निवडा. येऊरच्या पायथ्याशी नेणं सुंदर आहे, पण घोडबंदर रोडच्या वाहतुकीतून तिथे रोज कोणी जात नाही. रोजची जागा वेगळी आणि रविवारची वेगळी असू द्या.

रोजसाठी सोसायटीचं मोकळं पोडियम, गल्लीतलं मैदान, नवी मुंबईत असाल तर सेक्टरमधलं उद्यान. सिडकोच्या आखणीमुळे बहुतेक सेक्टरांना एखादं उद्यान किंवा मैदान असतंच, ते शोधा. ठाण्यात पाचपाखाडीच्या आसपास राहणाऱ्यांना कचराळी तलाव, वर्तकनगर-पोखरणच्या बाजूला उपवन. सुट्टीच्या दिवसासाठी नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, वाशीचा मिनी सीशोर, खारघरचं सेंट्रल पार्क. जाण्याआधी फाटकावरची वेळ पाहून घ्या, कारण बरीच सार्वजनिक उद्यानं दुपारी बंद असतात आणि चारच्या पुढेच उघडतात. रात्री तलावपाळीवर मारलेली फेरी जरूर मारा, फक्त ती या हिशेबात धरू नका.

पोडियमबद्दल एक गोष्ट तपासा. पोडियमच्या मधोमध आणि खेळण्यांच्या जागी वेगवेगळं मोजा. झोपाळे-घसरगुंडी अनेकदा इमारतीच्या सज्जाखाली किंवा फायबरच्या छपराखाली असतात. तिथून दहा पावलांवर उजेड कितीतरी पट जास्त असतो.

## टप्पा ५ : वेळापत्रक उलटं करा

सगळ्यांत जास्त गडबड इथे होते, म्हणून इथे सावकाश वाचा.

ध्येय: दिवसाला दोन तास किंवा आठवड्याला साधारण चौदा तास, दिवसाच्या उजेडात, आभाळाखाली. सलग असायची गरज नाही. तैवानच्या एका शाळेत मुलांना फक्त सुट्टीच्या वेळात वर्गाबाहेर काढलं गेलं. वर्षभरात तिथे नव्याने मायोपिया झालेल्यांचं प्रमाण साधारण ८ टक्के राहिलं, शेजारच्या शाळेत ते सुमारे १८ टक्के होतं. वीस मिनिटांचे तुकडेही मोजले जातात.

आता आपल्या शाळांच्या पाळ्यांप्रमाणे पाहू.

सकाळची शाळा (सुमारे सात ते साडेबारा). जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, म्हणजे मूल अंधारात बसमध्ये बसतं. दुपारी घरी येतं, जेवतं, झोपतं किंवा टीव्ही पाहतं. पाच वाजता क्लास, साडेसहाला सुटका. उजेडाचा सगळा वेळ छताखाली गेला. इथे बदल एकच: क्लास आणि खेळ यांची अदलाबदल. हिवाळ्यात चार ते पावणेसहा खाली, साडेसहापासून क्लास. बॅच बदलून मागा. एका मुलासाठी बॅच बदलत नाहीत, पण सोसायटीतल्या पाच पालकांनी मिळून सांगितलं तर बाई बहुधा ऐकतात. गृहपाठासाठी दुपार वापरा, उजेड गेल्यावर करता येईल असं सगळं सूर्यास्तानंतर ढकला.

दुपारची शाळा (साडेबारा ते सहा). या मुलांची सकाळ मोकळी असते आणि ती गृहपाठात घालवली जाते. शाळेतून येईपर्यंत हिवाळ्यात अंधार. साडेसात ते नऊ हा वेळ खेळाला द्या, गृहपाठ त्यानंतर. "सकाळी डोकं ताजं असतं, तेव्हा अभ्यास" हा घरोघरचा आग्रह मला ठाऊक आहे. दीड तास खेळून आलेलं डोकंही ताजंच असतं, आणि नऊ ते साडेअकरा वेळ शिल्लक राहतो. सकाळी सोसायटीत खेळायला सवंगडी नसतात ही खरी अडचण. दुपारच्या पाळीची मुलं असलेल्या तीन-चार घरांचा गट करा, पालकांनी आळीपाळीने खाली थांबावं.

पूर्ण दिवसाची शाळा (आठ ते साडेतीन-चार आणि वर बस). हे सर्वांत अवघड आहे. पाच वाजता घरी आलेल्या मुलाला हिवाळ्यात जेमतेम पाऊण तास मिळतो. त्याला दप्तर टाकून, हातात खाऊ देऊन, थेट खाली पाठवा. आंघोळ आणि कपडे बदलणं नंतर. बसथांब्यापर्यंत चालत जा. उरलेली भर शनिवार-रविवारी तीन-तीन तासांनी काढा. आणि टप्पा ८ या मुलांच्या पालकांनी सोडू नका.

ऋतूंप्रमाणे घड्याळ हलवा. जुलैच्या सुरुवातीला सूर्य सव्वासातच्या पुढे मावळतो, नोव्हेंबरअखेर सहाला. म्हणजे सव्वा तासाहून जास्त फरक पडतो. जूनमध्ये साडेपाच ते सात ही वेळ छान चालते. तीच वेळ डिसेंबरमध्ये निम्म्याहून जास्त अंधारात जाते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. दिवाळीची सुट्टी संपली की खेळाची वेळ तासभर अलीकडे घ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

तपासून पाहा: "सूर्यास्ताआधी अर्धा तास" ही रेघ धरा. त्यानंतरचा खेळ चालू द्या, पण वहीत लिहू नका.

## टप्पा ६ : ऊन, पाऊस, डास, धूळ

उजेड हवा म्हणून मुलाला भर दुपारी बाहेर काढू नका. मार्च ते मे आणि ऑक्टोबरमध्ये अकरा ते चार टाळा. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि मूल लवकर थकतं. पाण्याची बाटली, सुती कपडे, रुंद काठाची टोपी. टोपी किंवा गॉगल घातला तरी बाहेर डोळ्यात शिरणारा उजेड घरातल्यापेक्षा कितीतरी पट जास्तच असतो. "टोपीने उजेड अडेल" ही भीती सोडा.

सावधान: सूर्याकडे पाहणं हा यातला भाग नाही. उगवत्या सूर्याकडे टक लावून त्राटक करायला मुलांना शिकवू नका. सूर्याकडे टक लावल्याने दृष्टिपटल भाजतं आणि ती इजा कायमची राहू शकते. ग्रहणाच्या दिवशी तर दुप्पट जपा.

पावसाळ्यात चार महिने खेळ बंद होतो आणि नेमके तेच महिने नव्या वर्गाच्या अभ्यासाचे असतात. ढगाळ आभाळही काही हजार लक्स देतं, हे आधी आलंच आहे. पाऊस थांबला की खाली, असा शिरस्ता ठेवा. वीस मिनिटांची उघडीपही घ्या. रेनकोट आणि गमबूट घालून चालायला जायलाही हरकत नाही. विजा कडाडत असतील तर मात्र घरातच थांबा. साचलेल्या पाण्यात, विशेषतः पायाला जखम असताना, खेळू देऊ नका, त्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) संसर्ग होऊ शकतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळ होण्याआधी जास्त. पूर्ण बाह्या, लांब पँट आणि डास पळवणारं मलम लावूनच पाठवा.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी हवेत धूळ-धुरकं साचतं. मुलाला दमा असेल तर हवेचा निर्देशांक पाहून त्या दिवशी खेळ दुपारी चारनंतर ठेवा.

## टप्पा ७ : घरातलं जवळचं काम

उजेड वाढवला आणि घरी आल्यावर मूल पाच इंचांवर मोबाइल धरून पालथं पडलं, तर निम्मं काम वाया गेलं. पुस्तक डोळ्यांपासून निदान ३० सेंटिमीटरवर हवं. मुठीपासून कोपरापर्यंतचं मुलाचं अंतर ही सोपी खूण. अर्धा तास वाचलं की मान वर करून काही मिनिटं खिडकीबाहेर लांब पाहायचं. अभ्यासाचं टेबल खिडकीशेजारी ठेवा, रात्री खोलीतला दिवा आणि टेबलावरचा दिवा दोन्ही लावा. मोबाइलऐवजी टीव्हीवर लावलेला कार्टून कार्यक्रम अंतराच्या दृष्टीने बरा. तरीही घरातला दिवा कितीही वाढवला तरी तो बाहेरच्या उजेडाची जागा घेत नाही.

गाजर, डोळ्यांचे व्यायाम, मायनस नंबर उतरवणारे म्हणून विकले जाणारे भोकांचे चष्मे यांवर वेळ आणि पैसा घालवू नका. डोळ्याची लांबी त्यांनी कमी होत नाही.

## टप्पा ८ : शाळा आणि सोसायटी

एकट्या घराच्या बळावर चौदा तास भरणं कठीण आहे. शाळेच्या पालक सभेत तीन नेमक्या मागण्या ठेवा: मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा करून मुलांना मैदानावर सोडावं, पीटीचा तास गणिताला देऊ नये, आठवड्यातून एक-दोन तास झाडाखाली घ्यावेत. खर्च काही नाही, फक्त देखरेखीला माणूस लागतो आणि त्यासाठी पालकांची पाळी लावता येते. "मुलांना खेळू द्या" असं मोघम म्हणाल तर सगळे माना डोलावतील आणि काही होणार नाही.

सोसायटीत मुलांची खरी अडचण "चार ते सहा खेळायला मनाई" या पाटीची असते. ती वेळ ज्येष्ठांच्या विश्रांतीची म्हणून ठरते. पण हिवाळ्यात उजेड तेवढाच असतो. वार्षिक सभेत नोव्हेंबर ते फेब्रुवारीपुरती वेळ बदलून मागा, चेंडूच्या आवाजाचे खेळ इमारतीपासून दूरच्या कोपऱ्यात नेण्याची तयारी दाखवा. आजी-आजोबांना नातवंडांच्या डोळ्यांचं कारण समजावून सांगितलं तर विरोध बऱ्याचदा मावळतो. दुपारी चारला खाली थांबायला घरात मोकळं माणूसही बहुधा तेच असतात.

## टप्पा ९ : सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी

धोका जास्त असलेल्या मुलाला सहा महिन्यांनी, इतरांना वर्षाने, त्याच डॉक्टरांकडे आणि पुन्हा थेंब घालूनच दाखवा. एकदा थेंब घालून आणि एकदा न घालता काढलेल्या आकड्यांची तुलना करून काहीही कळत नाही. वही सोबत न्या.

नंबर लागलाच तर चष्मा पूर्ण नंबराचा आणि सांगितल्याप्रमाणे वापरा. "कमी नंबराचा चष्मा दिला की नंबर वाढत नाही" हा समज चुकीचा आहे, त्याने फायदा होत नाही. बाहेर खेळणं चालूच ठेवा, पण आता फक्त त्याच्यावर विसंबू नका. वाढ मंदावण्यासाठी कमी मात्रेचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब, खास बनावटीची चष्म्याची भिंगं आणि कॉन्टॅक्ट लेन्स असे पर्याय आहेत. मुलाचं वय आणि वर्षाला किती नंबर वाढतो यावर डॉक्टर ठरवतील. अ‍ॅट्रोपिन शेजारच्या मुलाला दिलं म्हणून मेडिकलमधून परस्पर आणू नका. लाल प्रकाशाच्या यंत्रांची जाहिरात पाहून घरी यंत्र मागवू नका.

उणे सहाच्या पुढे गेलेल्या डोळ्यांत पुढील आयुष्यात दृष्टिपटल सुटणं, काचबिंदू, दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज यांचा धोका वाढतो. लहानपणी लागलेला नंबर वाढायला जास्त वर्षं मिळतात, म्हणून सातव्या वर्षी लागणारा नंबर दहाव्या वर्षावर गेला तरी त्या तीन वर्षांना मोल आहे.

पुढील गोष्टी दिसल्या तर तारखेची वाट पाहू नका: मूल डोळे बारीक करून पाहतं, टीव्हीच्या अगदी जवळ जातं, फळ्यावरचं शेजारच्याच्या वहीतून उतरवतं, एक डोळा झाकला की चिडतं, किंवा डोळा तिरका होतो. यासाठी त्याच आठवड्यात दाखवा. आधीच मोठा नंबर असलेल्या मुलाने डोळ्यांसमोर अचानक चमका, काळे ठिपके किंवा पडदा आल्यासारखं सांगितलं, तर त्याच दिवशी.